आंबट आधी, पथ्य मागून

पोरी, आसनगावच्या लोकलने तू रोज ठाणं गाठतेस. डब्यात उकडलेले मूग आणि काकडीच्या चकत्या नेतेस, आणि संध्याकाळी निम्मे मूग तसेच परत येतात. डबा मी घासते, म्हणून मला ठाऊक. कुणाला दोष नाही देत. पण तब्येतीसाठी म्हणून नाक मुठीत धरून खाल्लेलं अन्न फार दिवस चालत नाही, हे अंगणवाडीत आयुष्य घालवलेल्या बाईला वेगळं सांगायला नको. २०१५ साली आदिवासी भागात गरोदर आणि बाळंतिणींसाठी अमृत आहार योजना आली, एका वेळचं चौरस जेवण अंगणवाडीत मिळू लागलं. तेव्हाही हेच पाहिलं. वरणाला लसणाची फोडणी आणि कैरीची फोड पडली की ताट पुसून रिकामं. ती नसली की बायका म्हणायच्या, "ताई, भूक नाही."

तुझ्या माहेरी सांगलीकडे ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. ते सोडू नकोस, तेही सोन्यासारखंच आहे. पण आता इथली झालीस, तर इथलं ताट कसं लागतं ते शिकून घे. माझं माहेर मुरबाडकडचं टोकावडं, माळशेजच्या वाटेवरचं. सासर हे शहापूर. दोन्हीकडच्या बायकांकडून जे कानात पडलं, ते एका वाक्यात सांगते आणि मग फोड करते: चव आणण्यासाठी ज्या खटपटी आपल्याकडे करतात, बहुतेक वेळा त्याच खटपटींनी अन्न अंगी लागतं. पदार्थ बेचव किंवा कडू झाला, घशात खाजला, पोटात गुबारा धरला, तर समज की मधली एखादी पायरी गाळली.

सगळ्यात चोख उदाहरण शेवळाचं. मेच्या शेवटी वळवाचे दोन शिंतोडे पडले की माहुलीच्या पायथ्याला, माळशेजच्या खालच्या रानात जमिनीतून शेवळं वर येतात. आधी फुलाचा दांडा, पान नंतर. ठाकर आणि कातकरी बायका जुड्या बांधून बाजारात, स्टेशनाबाहेर घेऊन बसतात. त्यांच्याकडे शेवळांच्या शेजारी हिरव्या, सुपारीएवढ्या काकडांचा ढीग असतो. नवखं माणूस शेवळं घेतं आणि काकडं तिथेच सोडून येतं. मग रात्री घरभर घसा खाजवत बसतात, आणि बोल लागतो भाजीला. शेवळात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ऑक्झलेटचे. ते घशात टोचतात. काकडाच्या आंबट रसात ती भाजी नीट शिजली की टोचणी जाते, आणि त्याच आंबटाने तिला चव येते. एकाच फळात दोन्ही कामं. काकडं नाहीच मिळाली तर चिंचेचा दाट कोळ घाल, पण भाजी त्याशिवाय चुलीवर चढवू नकोस.

साफ करण्याची रीत लक्षात ठेव. हाताला तेल चोळायचं. वरचं जाड आवरण काढून टाकायचं. आतला दांडा उघडला की त्याच्या खालच्या अंगाला पिवळट, दाणेदार भाग दिसतो, तो काढून फेकायचा, कारण खाज तिथे जास्त. वरचं बाकीचं अगदी बारीक चिरायचं. तेल सढळ घेऊन कांद्यावर भाजी चांगली परतायची, रंग बदलेपर्यंत. काकडं ठेचून, बिया काढून, पाण्यात कोळून तो रस घालायचा आणि मंद आचेवर शिजू द्यायची. शेवटी सोडे किंवा जवळा. शाकाहारी घरात वालाचं बिरडं. मुंबई-ठाण्याच्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आणि पाठारे प्रभू घरांतून या भाजीसाठी लोक वर्षभर वाट बघतात. मटणाच्या खिम्यात शेवळं घालणारी घरंही आहेत. मला स्वतःला खिम्याची गरज वाटत नाही, सोड्यांनी काम होतं. पण जीभ ज्याची त्याची.

आणि शेवळं घेताना भाव करू नकोस. ती बाई पहाटे उठून काटेरी रानात वाकून वाकून गोळा करते, डोक्यावर ओझं घेऊन गाडी पकडते. शंभराच्या जुडीत वीस कमी करून आपण श्रीमंत होत नाही. उलट भाजीची रीत तिलाच विचार. कुठल्याही पुस्तकापेक्षा तिला जास्त ठाऊक असतं, आणि विचारलं की ती खुलून सांगते.

पाऊस लागला की मग रोज नवी भाजी. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटुली, बांबूचे वास्ते, चाईचा मोहर. सगळ्यांची यादी करत बसत नाही, नेमकं तेवढं सांगते. टाकळा दोन बोटं उंच असतानाच खुडायचा. ढोपराएवढा झाला की त्याला उग्र वास येतो, मग माणसं म्हणतात रानभाजी आवडत नाही. कुर्डूलाही तेच, फुलाचा तुरा यायच्या आधी. फोडशीचा खालचा पांढरा, ताठर भाग टाकून दे, वरची पाती बारीक चीर, कांदा घाल, मूठभर भिजलेली मूगडाळ घाल. भारंगी कडू असते, तिला एकदा उकळून, पिळून घ्यावं लागतं. पण हे पिळणं फक्त कडू भाजीलाच. टाकळा-कुर्डू उकळून पाणी मोरीत ओतणारी माणसं पाहिली की माझा जीव कासावीस होतो. भाजीतलं जे पाण्यात उतरतं ते सगळं त्या पाण्याबरोबर जातं, आणि ताटात उरतो चोथा.

पालेभाजीला तेल लागतं. आजकाल तुम्ही मुली चमचाभर तेलालाही घाबरता. हिरव्या पानात जे जीवनसत्त्व 'अ' चं मूळद्रव्य असतं, ते अंगात शिरायला थोडी चरबी हवीच. कढईत पळीभर ओतू नकोस, पण भाजी ओकीबोकी दिसू नये एवढं घाल. लसूण ठेचून घाल. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१० साली प्रयोगशाळेत दाखवलं की कांदा आणि लसणाच्या संगतीत धान्या-कडधान्यांतलं लोह आणि जस्त जास्त मोकळं होतं. माझ्या सासूला लोह म्हणजे विळा आणि कोयती एवढंच ठाऊक होतं, तरी ती लसणाशिवाय कढईला हात लावत नसे.

जेवताना ताटात आंबटही हवंच. आपल्याकडे कोकम फारसं नाही, ते खालच्या कोकणातलं. इथे कैरी, तिची वाळवलेली आंबोशी, कच्ची करवंदं, चिंच, अंबाडी. उन्हाळ्यात कैऱ्या कापून मीठ लावून कडक वाळवल्या की बरणीभर आंबोशी वर्षभर पुरते. डाळीत एक फोड टाकलीस की डाळ बदलून जाते, आणि तिच्यातलं लोहही अंगाला जास्त लागतं. त्याच्या उलट काम चहा करतो. ताटावरून उठल्याबरोबर चहा पिण्याची तुझी सवय मला पसंत नाही. तासभर थांब. अंगणवाडीत बायकांचं रक्त कमी निघायचं तेव्हा गोळ्यांच्या आधी मी त्यांना चहाची वेळ विचारायची.

आता वाल. भाताची कापणी झाली की शेतात जी ओल राहते, तिच्यावर आपल्याकडे वाल, हरभरा, मूग पेरतात. पाणी देत नाहीत, दंव आणि जमिनीतली ओल एवढ्यावर पीक येतं. त्यामुळे दाणा बारीक, पण चवीला कडक. वालात शंभरातले वीस-पंचवीस भाग प्रथिनं असतात. तुमच्या जिममधल्या पोरांना पावडरच्या डब्याखेरीज काही सुचत नाही, आणि इथे कोठीत पोतं पडलेलं असतं.

वालाला घाई चालत नाही. रात्री भिजत घालायचे, सकाळी ते पाणी फेकून द्यायचं. कडवटपणा त्या पाण्यात बराचसा जातो. मग फडक्यात बांधून ठेवायचे. उन्हाळ्यात एका दिवसात मोड येतात, थंडीत जास्त लागतं, तेव्हा फडकं चुलीच्या उबेला ठेव. मोड आले की कोमट पाण्यात टाकून सालं काढायची. हेच बिरडं. सोलणं हे एकटीचं काम नाही, त्यासाठी पोरांना बसव, नवऱ्यालाही बसव. आमचा नातू मोबाईलवर क्रिकेट बघत वाटीभर सोलू शकतो, मी पाहिलंय. मोड येताना दाण्यातली ती द्रव्यं कमी होतात, जी लोह आणि जस्त धरून ठेवतात. साल गेली की पोटालाही जड पडत नाही. म्हणजे बिरडं मऊ, गोडसर लागावं म्हणून सगळी उठाठेव करायची आणि पोटाचं भलं आपसूक व्हायचं. शिजवताना हिंग, हळद, ओलं खोबरं, गुळाचा खडा, आंबोशी. आंबट मात्र दाणा शिजल्यावर घाल, आधी घातलंस तर दाणा कडक राहतो. डाव फिरवू नकोस, कढईच हलव, नाहीतर बिरड्याचं पिठलं होईल. आणि वाल कच्चा तोंडात टाकायचा नाही, मोड आलेला असला तरी. मुगाचं चालतं, वालाचं नाही.

जानेवारीत ओल्या शेंगा येतात. मीठ घालून नुसत्या उकडून खाल्ल्या तरी पोट भरतं. रायगडकडे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटी लावतात, तीही एकदा खाऊन बघ. पण ती जागरणाची मजा आहे, रोजचं जेवण नव्हे.

नागलीचं सांगते, म्हणजे तुमच्याकडची नाचणी. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आणि नागलीला एकदम भाव आला. बिस्किटं आली, चिप्स आल्या. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत ठाकर, महादेव कोळी कधीपासून ती लावत आलेत. तेव्हा तिला गरिबाचं धान्य म्हणून नाकं मुरडणारी माणसं मी याच शहापुरात पाहिली. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. माझ्या वयाला ते कळतं, तुझ्या वयाला साठवायचं असतं.

नागलीची भाकरी चिरते, वातड होते, काळी दिसते, अशा तक्रारी असतात. तीन गोष्टी सांभाळ. पीठ ताजं हवं, महिनाभराचं नको. पाणी उकळतं घे, त्यात चिमूट मीठ टाक, त्यावर पीठ घालून झाकून ठेव, मग कोमट झाल्यावर तळव्याने भरपूर मळ. आणि भाकरी गरमच खा. ज्वारीची भाकरी तू शिळी कुसकरून खातेस, नागलीचं तसं होत नाही, थंड झाली की ती रुसते. सुरुवातीला निम्मं तांदळाचं पीठ मिसळ, लाजू नकोस. बरोबर सुकटीची चटणी असली की मग काळी दिसते म्हणणारेही दुसरी भाकरी मागतात. सुकट आगोटीला भरून ठेवायची, पावसाच्या आधी. पण ती खारट असते, म्हणून आधी तव्यावर भाजून, पाण्यातून दोनदा काढायची. तुझ्या सासऱ्यांना रक्तदाब आहे, त्यांच्या पानात चिमूटभरच वाढ, ते आणखी मागतील तरी.

लहान मुलासाठी किंवा आजारातून उठलेल्यासाठी नागली भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, हलकी भाजून दळायची. मोड आणलेल्या पिठाची पेज पातळ राहते, त्यामुळे वाटीत पीठ जास्त घालता येतं आणि लहान पोटात जास्त जातं. बाजारात हेच सत्त्व म्हणून महाग विकतात, बरेचदा साखर घालून. पाकिटामागची अक्षरं बारीक असली तरी वाच.

पावसाळी दिवसांत शेताच्या बांधावर मुठे आणि चिंबोऱ्या निघतात. नांग्या आणि पाठ कालवणात टाकतात हे सगळ्यांना ठाऊक. कानमंत्र बारीक तंगड्यांचा आहे. त्या फेकू नकोस. पाट्यावर किंवा खलबत्त्यात थोडं पाणी घालून ठेच, फडक्याने गाळ, आणि ते दुधाळ पाणी कालवणात ओत. उकळी आली की रस आपोआप दाट होतो, खोबरं निम्मंच लागतं. सर्दीत वाटीभर पिऊन बघ. फक्त चांगली खळखळून उकळी हवी, अर्धकच्ची चिंबोरी कधीच नाही. आणि ज्या शेतात औषध फवारलंय तिथलं काहीही घरात आणू नको. पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात, गाभोळीने भरलेले, चवीला अप्रतिम. मीही खाल्लेत. पण आता ओढ्यात मासेच उरले नाहीत, म्हणून सांगते, चढत्या माशाला चार दिवस मोकळं सोडावं, नंतर धरावं. गावात माझं कुणी ऐकत नाही.

रानातलं सगळंच चांगलं, हाही एक गैरसमज आता शहरातून इकडे परत येतोय. कडूकंद विषारी असतो. ठाकर बायका तो चिरून, राख लावून, वाहत्या पाण्यात ठेवून, पुन्हापुन्हा उकळून मगच खातात, आणि ती विद्या ऐकून येत नाही, हाताखाली शिकावी लागते. आळिंबं, म्हणजे वारुळाजवळची छत्री, ओळखणारा बरोबर असल्याशिवाय उपटू नकोस. फोनमधल्या चित्राशी जुळवून तर मुळीच नाही. ओळखीची भाजीही पहिल्यांदा खाताना दोन घास खा, रात्र जाऊ दे. गुळवेल, हिरडा ही औषधं आहेत. रोज सकाळी पेलाभर कडू काढा पिऊन कुणी सुदृढ झालेलं मी पाहिलं नाही, मात्र तोंड पाडून बसलेली पुष्कळ पाहिली.

गोडाची तल्लफ आली तर मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं आहेत. पहाटे गळतात, उन्हं चढायच्या आत वेचायची, आतले केसर झटकून काढायचे आणि कडक वाळवायची. दारूच्या धास्तीने या फुलांच्या साठवणीवर आणि वाहतुकीवर निर्बंध होते, ते राज्य सरकारने २०२१ मध्ये सैल केले, त्यामुळे आता वाळलेली फुलं विकत घ्यायलाही सोपं. तव्यावर भाजून, भाजलेल्या तिळाबरोबर कुटलीस की लाडू आपोआप वळतात, गूळ लागत नाही. पण गोड ते गोडच. मोहाचा आहे म्हणून मधुमेहवाल्याने चार खायचे असं नाही, एक खाऊन डबा वर ठेवायचा. जांभळं-करवंदं मात्र हंगामात पोटभर खा, त्याला माझी आडकाठी नाही.

तांदूळ राहिला. आपण भात खाणारी माणसं, भात सोड असं मी सांगणार नाही. शेजारच्या वाड्याच्या कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तो सणाला आण. रोजच्याला निम्मा हातसडीचा आणि निम्मा साधा शिजव. हातसडीचा आधी अर्धा तास भिजव, नाहीतर एक शिजतो नि दुसरा दाताखाली येतो. त्याच्यावर कोंड्याचं तेल असतं, लवकर खवट होतो, म्हणून पंधरा दिवसांपुरताच घे. आणि ताटात भात पाव, भाजी-बिरडं निम्मं, असं वाढून घे. उलट वाढलंस तर हातसडीचाही काही उपयोग नाही.

आता तुझ्या डब्याचं. गुरुवारी रात्री वाल भिजत घाल, रविवारी सगळे मिळून सोलू. निम्म्याचं रविवारी बिरडं, निम्मे सोललेले दाणे डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेव, ते सोमवार-मंगळवारच्या डब्याला होतील. कमी रसाचं कर, म्हणजे लोकलच्या गर्दीत सांडणार नाही. उकडलेले मूग नेणारच असशील तर त्यांना कांदा, कैरी, ठेचलेला लसूण आणि कच्च्या तेलाचा चमचा लाव. नागलीची भाकरी डब्यात नेऊ नको, ती रात्री घरी. डब्याला तुझी ज्वारीचीच बरी, ती थंडही छान लागते. सकाळी मात्र आंबील. रात्री वाटीभर नागलीचं पीठ ताकात कालवून झाकून ठेव, सकाळपर्यंत आंबतं. मी पाचला उठतेच, पाणी घालून शिजवून ठेवीन, वरून जिरं, लसूण आणि हिरवी मिरची. तिला डबा नको, निघताना उभ्याउभ्या पेलाभर पी आणि गाडी गाठ.